मोजतानाबी बघत व्हती रेणू

रेणू गेल्याचा फोन आला तवा मी ओट्यावर बसून शेंगा फोडत व्हते. फोन सुनेनं उचलला. ती "हां... हां..." करत दारात आली आन् नुसती उभी ऱ्हायली, तवाच मला कळलं. मी म्हणलं, "कवा?" ती म्हणली, "सकाळी, आत्या. ताप उतरलाच नाही." मी सुपात ऱ्हायलेल्या शेंगा फोडल्या, टरफलं गोळा केली, हात धुतलं आन् मंग मागच्या गोठ्याकडं गेले. कुलूप व्हतं. किल्ली माझ्याच कमरेला व्हती, पर त्या दिवशी म्या उघडलं न्हाई. कुलपाला हात लावला आन् माघारी आले.

त्येला आता दीड म्हैना झाला. रेणुका तिचं नाव, उदगीरकडची, वय बेचाळीस. कुरुळीत आमच्या घरामागं गोठा हाय, त्यात तिचं वर्कशॉप आन् शेजारच्या खोलीत तिचं ऱ्हाणं. सहा वर्सं व्हती. ती रोबोट बनवायची, म्हंजी लोखंडाचा हात बनवायची आन् त्या हाताला डोकं द्यायची. ना माझ्या नात्याची, ना गावची. भाडेकरू म्हणून आली. पर माझं जे माझ्या पोटच्या पोरांनी कवा इचारलं न्हाई, ते हिनं इचारलं, म्हणून तिचं सांगाय बसले. मला लिहाय येत न्हाई, सही तेवढी येती. मी बोलतीय, सून लिहितीय. तिला म्हणलंय, माझं बोलणं नीट कराय बसू नकोस, हाय तसं राहू दे.

चाकणला कंपन्या झाल्यापासनं आमच्या गावात खोली रिकामी ऱ्हात न्हाई. भाडेकरू येतो तो आधी इचारतो, पाणी किती येळ येतं, संडास आत हाय का भाईर. रेणू स्कुटीवर आली, पाठीला बॅग, पायाशी वायरींचं खोकं, आन् उतरायच्या आधी इचारती काय, "मावशी, थ्री फेज लाईट हाय का?" मी म्हणलं, "हाय की, कडबाकुट्टीसाठी घेतल्याली. पर ती गोठ्यात." तर म्हणली, "मग मला गोठाच द्या की." म्हशी इकून दोन वर्सं झाल्ती तरी शेणाचा वास व्हता. तिनं सोता चुना मारला, गव्हाणीवर फळ्या टाकून टेबल केलं आन् जिथं म्हशीचा खुटा व्हता तितं लोखंडी हात उभा केला. सून म्हणली, ह्या बाईचं लगीन झालंय का इचारा तरी. मी इचारलं. रेणू पेचकस फिरवत म्हणली, "झालंय मावशी. नवरा हाय तिकडं. त्याचं त्याला, माझं मला." पुन्यांदा म्या तो इषय काढला न्हाई.

दुसऱ्याच का तिसऱ्या दिवशी तिनं माझा डावा हात बघितला. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट न्हाई. लोक बघत्यात आन् न बघितल्यासारखं करत्यात. हिनं च्याचा कप घेता घेता सरळ इचारलं, "प्रेस का?" मी म्हणलं, "व्हय." ती म्हणली, "मी नोकरीला व्हते तिथं लई बघितलेत असे हात. मनूनच नोकरी सोडली. सगळं सांगा मला." आन् खरंच बसली समोर पोत्यावर, च्या गार झाला तरी उठली न्हाई.

मंग सांगितलं. मालक गेले तवा धाकटा पोटात व्हता, वरची दोन पोरं शाळंतबी जात न्हवती. बाळंतीण हून दोन म्हैन्यात मी भोसरीला एका शेडात प्रेसवर लागले. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हंजी खालच्या साच्यावर, ठेवायचा, पायानं पायडल दाबायचं, वरनं पंच येतो, दणका बसतो, पंच वर जातो, तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. दिवसभर तेच. धरायला चिमटा दिल्याला, पर चिमट्यानं केलं तर माल कमी पडायचा आन् मुकादम वरडायचा. मंग सगळ्या बाया हातानंच करायच्या. आन् मोजायच्या. एक... ठेव. दोन... पायडल. तीन... काढ. नव्या बाईला आमी पयलं मोजायलाच शिकवायचो, कारण मोजलं की हात-पाय आपोआप चालत्यात आन् मन मोकळं होतं. माझं मन घरी जाऊन यायचं. बारक्याला ताप व्हता, थोरलीनं त्येला पेज पाजली आसंल का... एक, दोन, तीन. पाजली आसंल तर भांडं झाकलं आसंल का... एक, दोन, तीन.

त्या दिवशी प्रेसनं डबल ठोका मारला. म्हंजी पंच एकदा येऊन वर गेला, आन् पायडल न दाबता सोताहून पुन्यांदा आला. जुनी मशिनं करायची तसं. शेजारची शकू मला नंतर म्हणली, "अगं, पंच वरती जाऊन थरथरला, मला दिसला, तुला कसा दिसला न्हाई?" मला दिसला न्हाई कारण मी तीन म्हणत व्हते. तीन म्हणलं आन् हात गेला. दुखलं ते मागनं. आधी मला एवढंच वाटलं की माझं मोजणं तर बराबर व्हतं, मंग चुकलं कुटं... दोन म्हैन्यानं मी त्याच शेडात, त्याच प्रेसवर परत लागले. पुढं चौदा वर्सं केलं. पर त्या दिवसापासनं म्या एकदाबी मोजलं न्हाई. माल कमी काढला, बोलणं खाल्लं, बघून काम केलं.

रेणू सगळं ऐकून म्हणली, "मावशी, मी जे बनवायले ना, ते ह्याच्यासाठीच बनवायले. बाईच्या जागी लोखंडाचा हात जाईल आत." मी म्हणलं, "बनव बाई." एवढंच.

तिची ती पयली सोताची आर्डर व्हती. चाकणकडचा एक शेठ, त्येच्या शेडात चार प्रेस. चार-पाच म्हैन्यांत तिनं हात उभा केला. तुकडा उचलायचा, पुढं जायचा, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायचा (डायच्या जागी ठोकळा ठेवला व्हता), मागं यायचा, थांबायचा, परत जाऊन तुकडा काढायचा. पुढनं उजेडाचा पडदा व्हता. डोळ्याला दिसायचा न्हाई, पर त्यात कुणाचा हात आला की सगळं जाग्यावर थांबाय पायजे, आसं ती म्हणायची. मला कौतुक वाटायचं. दुपारचं मी तिथं पोत्यावर बसायचे, लसूण सोलत. एकदा माझ्या ध्यानात आलं की मी तोंडातल्या तोंडात मोजतीय. इतक्या वर्सांनी. तिनं इचारलं, "काय मोजायलाव मावशी?"

मी म्हणलं, "मी न्हाई, तुझा हात मोजतोय. ह्ये बघ... मागं आला, एक, दोन, आन् गेला. माझ्यावानीच."

ती हसली. "हां, तिथं दोन सेकंदांची वाट हाय. प्रेस मारून वर जाईपर्यंत."

"मंग मोजताना त्यो बघतो का?"

ती हसायची थांबली. मी उठले, कोपऱ्यातला लांब दांड्याचा खराटा घेतला आन् हात मागं येऊन थांबला तसा दांडा पडद्यात घातला. काय झालं न्हाई. एक... दोन... आन् हात जसा रोज जातो तसाच गेला, दांड्याला आसा हाणला की खराटा माझ्या हातनं सुटून वरच्या पत्र्यावर जाऊन आदळला. सून घरातनं पळत आली, "काय झालं? काय झालं?" मी म्हणलं, "खराटा उडाला, तू जा." रेणूनं लाल बटन दाबून मशीन बंद केलं आन् फरशीवरच बसली.

म्हणली, "मला ठाऊक व्हतं मावशी. शिकतानाच सांगतेत. पर पहिलं चालू तर होऊ दे, मागनं बदलू, आसं म्हणून म्या घातलं. मग चालाय लागलं... आन् चालाय लागलं की त्याला हात लावू वाटत न्हाई." मंग तिनं मला तो बोर्ड दाखवला. काड्यापेटीएवढा, हिरवा. म्हणली ह्यात एकच डोकं हाय. त्येला थांब म्हणायचं आसलं की प्रोग्रामात डिले लिहायचा, दोन सेकंदांचा. डिले म्हणलं की ते डोकं दुसरं काय करत न्हाई, नुसतं आकडं मोजत बसतं, आन् तेवढ्यात पडदा किती का बोंबलंना, त्येला ऐकू येत न्हाई. लाल बटनाची वायर थेट करंट तोडती म्हणून ते चालतं, पर पडदा डोक्यातनं जातो. मी म्हणलं, "मंग मोजायला दुसरं कुणी ठेव. डोक्यानं बघावं, मोजणाऱ्यानं मोजावं."

तिनं बोर्ड उजेडाला धरला. "हाय की," म्हणली. "ह्याच बोर्डात घड्याळं हायेत तीन-चार. टायमर म्हणत्यात. डोक्यापासनं येगळी. सांगून ठेवायचं, दोन सेकंदं झाली की घंटी वाजव. ती आपली आपण मोजतेत." मी म्हणलं, "घरात घड्याळ आसून तू बोटं मोजत बसलीस व्हय गं?" तवा कुठं तिला थोडं हसू आलं. पर मशीन सोमवारी जायचं व्हतं आन् त्या दिवशी वार शुक्रवार. सगळा प्रोग्राम उलटा करून लिहायचा म्हंजी आठ-धा दिवस तरी. मला म्हणली, "हे मशीन गेलं न्हाई तर मी परत उदगीरला. तिथं वाट बघणारं कुणी न्हाई मावशी, हसणारे लई हायेत."

मी तिला काय सांगितलं न्हाई. माझी बोटं गेल्याली, तिचं मशीन, तिचं पोट. ठरवायचं तिनं व्हतं.

शनिवारी शेठ आला, मशीन बघाय. तिनं चालवून दाखवलं. हात सरसर चालला. शेठ खूष. "मॅडम, एक नंबर! सोमवारी टेम्पो पाठवतो."

रेणू म्हणली, "सोमवारी नाही देता येणार सर. चालतंय, पण थांबलेलं असताना ते पडद्याकडं बघत नाही. मला सगळं टायमरवर घ्यावं लागंल."

"किती वेळ बघत नाही?"

"दोन सेकंद."

"दोन सेकंद!" शेठ हसला. "अहो मॅडम, दोन सेकंदात काय होतंय? माझ्या बायका काय नवीन आहेत का? सांगून ठेवतो त्यांना, हात घालू नका म्हणून."

मी च्या घेऊन आल्ते. पाव्हण्याला च्या उजव्या हातानं द्यायचा आसतो, एवढं मलाबी कळतं. म्या डाव्या हातानं दिला. तीन बोटांत बशी धरून त्येच्या नाकापुढं केली. त्यो घ्यायचा थांबला, आधी बशीकडं बघितलं, मंग हाताकडं. म्हणला, "आजी, कुठल्या कंपनीत?"

मी म्हणलं, "नाव सांगून बोटं उगवणार हायेत का? दोन सेकंदं म्हणलासा न्हवं तुमी? माझी एकातच गेली. मलाबी सांगून ठेवलं व्हतं, हात घालू नको म्हणून. घ्या, च्या गार होतोय."

त्येनं च्या घेतला. पिला. उभ्यानंच. जाताना रेणूला म्हणला, "पुढच्या मंगळवारपर्यंत थांबतो, मॅडम. मंगळवारी नाही झालं, तर मी दुसऱ्याकडनं घेतो. मलापण माल द्यायचा असतो." गाडी गेल्यावर रेणू म्हणली, "काय केलंव मावशी तुमी!" मी म्हणलं, "च्या दिला."

मंग ते धा दिवस. तिनं गोठ्याच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढलं. एका चौकोनात 'तुकडा उचलला', एकात 'मागं आला', एकात 'ठोक्याची वाट', आसं. आधी काम सोपं व्हतं, म्हणली, ह्ये कर, थांब, ते कर. आता थांबायचं न्हाई तर आपण कुठवर आलोय ते दर येळंला ध्यानात ठेवाय पायजे. ती एक चिंचोका घेऊन चौकोनातनं चौकोनात सरकवायची आन् मला इचारायची, "मावशी, आता हात हितं हाय, आन् पडद्यात कुणी आलं, काय करायचं?" मी म्हणायचे, "थांबायचं." "आता हितं हाय?" "थांबायचं." "आन् ते गेलं, पडदा मोकळा झाला, मग?" मी म्हणलं, "लगीच चालू व्हायचं न्हाई. बाई आधी तोंडानं सांगंल, झालं माझं, मंग." तिनं तेबी लिहिलं, भिंतीवर. कुणी येऊन बटन दाबल्याबिगार हात पुन्यांदा हलायचा न्हाई.

गुरवारी तिनं पयल्यांदा टायमरवर चालवलं आन् हात फेफरं आल्यासारखा झटकं द्याय लागला. ती सकाळपासनं भाकरीला शिवली न्हवती. दुपारी मी ताट घेऊन गेले तर डोकं धरून बसल्याली. शुक्कीरवारी सापडलं तिला. मला येऊन सांगितलं, कणीक मळत व्हते मी तवा. "मावशी, घंटी वाजली की मी सगळं काम दारातच कराय लागले व्हते." मी म्हणलं म्हंजी? तर म्हणली, "म्हंजी तुमी भाकरी टाकायलाव, दाराची कडी वाजली. तुमी जाऊन दारातच पाव्हण्यासंगं गप्पा हाणत बसलाव तर?" मी म्हणलं, "भाकरी करपंल." "तेच! घंटी वाजली की नुसती खूण करायची, टाईम झाला मनून, आन् लगीच माघारी यायचं. काम आतनं, सवडीनं." एवढं बोलून पळाली. जेवली न्हाई ते न्हाईच. पर संध्याकाळपातूर हात लोण्यावानी चालाय लागला. आन् पडद्याची एक वायर तिनं डोक्यातनं काढून थेट जोडली, लाल बटनासारखी. म्हणली, "प्रोग्रामावर एकट्यावर इसंबायचं न्हाई मावशी. मीच लिहिलाय ना तो." ही गोष्ट मला लई आवडली तिची.

आयतवारी तिनं खराटा माझ्या हातात दिला. "घाला. कवाबी घाला, मला न सांगता." मी घातला. हात मागं आला आन् थांबला, घातला... गप. पुढं जाताना घातला... जाग्यावर गप. तुकडा उचलताना, ठेवताना, एक म्हणल्यावर, दोन म्हणल्यावर, मधीच. किती येळा घातला आसंल मला ठावं न्हाई, मी मोजलं न्हाई. एकदाबी खराट्याला धक्का लागला न्हाई. ती दर येळंला बटन दाबून परत चालू करायची, आन् तिचं तोंड बारकं झाल्यालं व्हतं, कवा चुकंल ह्या भ्यानं. मला वाटलं, ही जन्मभर आशीच भ्याली तर?

मी खराटा भिताडाला लावला आन् डावा हात घातला. ज्या हाताची बोटं गेली त्योच. एक म्हणल्यावर.

"मावशी!" ती आशी किंचाळली की शेजारच्या गोठ्यातली बैलं उठली. हात थांबल्याला व्हता. माझ्या मनगटापासनं ईतभर लांब. मी त्येच्याकडं बघितलं, त्यो माझ्याकडं बघत व्हता म्हणा ना. मी हात काढून घेतला. रेणू रडत व्हती आन् मला शिव्या देत व्हती, "अक्कल हाय का तुमाला! म्हातारी झालाव, कळतंय का काई!" मी म्हणलं, "तुझ्या कामावर माझा भरवसा हाय. आता तूबी ठेव." दोन दिवस बोल्ली न्हाई माझ्यासंगं. मंगळवारी टेम्पो आला, मशीन चढवलं, टेम्पो नाक्यावरनं वळला, तवा येऊन माझ्या पाया पडली आन् म्हणली, "पुन्यांदा आसं केलाव तर खोली सोडून जाईन." मी म्हणलं, "जा की. गोठ्यात थ्री फेज तुला दुसरीकडं कुठं मिळती ते बघते."

पुढं तिची लई मशिनं गेली. दर मशीन जाताना खराटा घालून बघायचा, ह्यो तिचा नेम झाला. मी घरात आसले तर मीच घालायची. शेठच्या शेडात मला एकदा घेऊन गेल्ती. तितली एक बाई तुकड्यांचा ट्रे लावत व्हती, मला म्हणली, "आजी, आता आमाला मोजाय लागत न्हाई. दिवसभर सासवांच्या चाड्या करतो." लई हसलो. पर खरं सांगायचं तर मी तितं बायाबी बघितल्या. आधी आठ जणी व्हत्या, आता चौघी. बाकीच्या कुटं गेल्या? येताना स्कुटीवर म्या रेणूला इचारलं. ती म्हणली, "त्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई मावशी. बोटं वाचवायचं काम मला येतंय, तेवढं मी करायले." तिनं खोटं सांगितलं न्हाई. मीबी प्रेसवर गेले न्हसते तर माझी पोरं जगली न्हसती, हे आमाला दोघींनाबी ठावं व्हतं.

तिच्या किडन्या खराब झाल्या त्येला दोन वर्सं झाली. आठवड्यातनं दोनदा चिंचवडला जायचं, चार तास मशिनीला जोडून बसायचं. मी संगं जायचे. पयल्या दिवशी मला वाटलं व्हतं, रडंल. तर ही सुया टोचल्यावर मान वाकडी करून मशीनच बघतीय. नर्सला इचारतीय, हा आवाज कशाचा, हा दिवा कवा लागतो. मंग मला म्हणली, "मावशी, बघा. हे चार तास मोजतंय. आन् मोजता मोजता रक्ताकडंबी बघतंय. नळीत हवेचा बुडबुडा आला ना, तर लगीच थांबतंय. चार तास होण्याची वाट बघत न्हाई." मी म्हणलं, "शाना हाय." ती डोळं मिटून पडली आन् म्हणली, "ज्यानं कुणी लिहिलंय ना हे, त्यानं खराटा घालून बघितला असणार." तिला त्या माणसाचा लई भरवसा वाटायचा. कोण, कुठला, कुणाला ठावं. मलाबी वाटायचा. मी निवांत बसून वाती वळायचे.

मशिनीनं कवा दगा दिला न्हाई. रक्तात जंतू गेलं, ताप आला, आठ दिवसात आटपलं. जायच्या आधी धा-बारा दिवस, दुपारची ती माझ्याकडं आली. पायाला सूज, भिंत धरत चालत व्हती. हातात एक बोर्ड, काड्यापेटीएवढा, मोबाईलच्या चार्जरला जोडल्याला. म्हणली, "मी शिकताना पहिल्यांदा टायमर चालवला तो ह्याच्यावर. तुमच्याकडं ठेवा." मी इचारलं, "काय करतो ह्यो?" म्हणली, "काई न्हाई. मोजतंय." देवाच्या फळीवर, फोटोच्या बाजूला तिनं तो ठेवला. हिरवा बारका दिवा. लागायचा, इझायचा, लागायचा, इझायचा, सेकंदाला एक. त्यावर एक बटन. "आन् बटन कशाला?" मी इचारलं. ती म्हणली, "दाबून बघा की." मी दाबलं, तर शेजारचा लाल दिवा लागला, लगीच, आन् हिरव्याचं मोजणं आपलं चालूच. सोडलं, लाल इझला. हिरवा चालूच.

"मोजायला बसलंय," ती म्हणली, "पर हाक मारली की ओ देतंय." मंग च्या पिला आमी. तिनं पथ्य म्हणून साखर घातली न्हाई. दुसरं काय इशेष बोलणं झालं न्हाई...

गोठा म्या गेल्या आठवड्यात उघडला. तिच्या भावानं येऊन लॅपटॉप आन् कपडं नेलं, बाकी तसंच हाय. भिंतीवर चौकोन हायेत. सून म्हणली, नवा भाडेकरू बघायचाय, चुना मारून घेऊ. मी म्हणलं, मार, पर ती एक भिंत सोडून. खराटा कोपऱ्यात व्हता, तो घरात आणला, अंगण झाडाय घेतला. त्येचं काम ते हाय.

बोर्ड फळीवर हाय. गुरवारी आमच्याकडं लाईट जाती, तवा तोबी इझतो. लाईट आली की पुन्यांदा पयल्यापासनं मोजाय लागतो, कुणी सांगाय लागत न्हाई. रोज देवाला दिवा लावते तवा मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं ते बटन दाबते. ओ येती.